गंगेच्या अलीकडे

आमचे कलकत्त्याचे घरमालक कुणाच्याही घरात थेट शिरत नसत. घर त्यांचंच, वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहत होतो. तरी वर यायचं असलं की ते जिन्याच्या तळाशी थांबत, धोतर सावरून उकिडवे बसत आणि तिथून विचारपूस सुरू करत.

"बऱ्या आहात, वहिनी?"

आई वरून म्हणायची, "बरी आहे."

"घर बरं? मुलगी बरी? पाणी आहे? रस्त्यात काही दिसलं?"

सगळं बरं आहे, पाणी आहे, रस्त्यात काही दिसलं नाही, असं आईनं सांगितलं की ते थोड्या पायऱ्या चढत, पुन्हा बसत आणि तेच प्रश्न जरा हळू आवाजात पुन्हा विचारत. दारापाशी आल्यावर पुन्हा एकदा. मग कामाचं. एकदा गच्चीवरची टाकी फुटून पाणी भिंतीतून त्यांच्या खोलीत उतरत होतं. ते सांगायला आले तेव्हाही त्यांनी यातला एक प्रश्न गाळला नाही. "पाणी आहे?" असं त्यांनी विचारलं, आई "आहे" म्हणाली, तेव्हा ते म्हणाले, "हो, माझ्याकडेही आलंय."

ते डॉक्टर होते आणि सगळे त्यांना नुसतं डॉक्टरच म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. मूळचे साताऱ्याकडचे, एकटे. भवानीपुरातलं हे दुमजली घर त्यांच्या बहिणीच्या सासरचं. मागे कुणी उरलं नाही म्हणून ते डॉक्टरांकडे आलं. त्याआधी कित्येक वर्षं डॉक्टर लिबियाच्या पार दक्षिणेला, सहाराच्या पोटात, खजुरीच्या झाडांमधल्या एका गावी सरकारी इस्पितळात होते. तिथला राजा गेला, लष्कर आलं, त्या गडबडीत ते परतले. सामान फारसं नव्हतं. एक ट्रान्झिस्टर, पाण्याची एक कातडी पखाल, आणि तेदा लोकांच्या सवयी.

तेदा म्हणजे कोण हे भवानीपुरात कुणाला ठाऊक असणार? थंडीतल्या रविवारी सकाळी गच्चीवर ऊन खात डॉक्टर आम्हाला सांगत. त्या गावाच्या दक्षिणेला वाळवंटातच काळ्या दगडांचे मोठे डोंगर आहेत, तिबेस्ती नावाचे. विझलेले ज्वालामुखी. तिथे ही माणसं उंट आणि शेळ्या घेऊन राहतात. किती काळापासून ते कुणाला सांगता येत नाही, पण खडकांवर गुरांची चित्रं कोरलेली आहेत, आणि आता तिथे गाईला चरायला गवताची काडी नाही. तुर्क आले, फ्रेंच आले, प्रत्येकानं नकाशात ते डोंगर आपल्या रंगात रंगवले. डोंगरातल्या माणसाला ते कळायलाही वर्षं लागली. तेदा काही साधुसंत नव्हते, हेही डॉक्टर सांगत. काफिले लुटायचे, माणसं धरून विकायचे. पण कुठल्या कुळाची कुठली दरी, कुठली विहीर, कुठलं खजुराचं झाड, हे सगळं ठरलेलं. उंटावर कुळाची खूण डागलेली. मालक वर्षानं खजूर उतरवायला आला तरी झाड त्याचंच.

डॉक्टरांनी स्वतःसाठीही एक खूण बनवली होती, दोन आडव्या रेघा आणि गळासारखा एक आकडा. ती त्यांनी छत्रीच्या मुठीवर आणि खुर्चीवर तापल्या सळईनं डागली होती, दुधाच्या किटलीवर खिळ्यानं कोरली होती. नवीन मराठी कुटुंब बदलीवर आलं की ते पहिल्यांदा विचारत, तुमच्या घराण्यात काय वर्ज्य आहे? तेदांच्या प्रत्येक कुळाला काहीतरी वर्ज्य असतं म्हणे. बँकेत बदलून आलेले एक गृहस्थ म्हणाले की आमच्याकडे काहीच वर्ज्य नाही, तेव्हापासून डॉक्टर त्यांच्याशी जपून वागू लागले.

बाबांना या सगळ्याची गंमत वाटायची. तेदा माणूस एका खजुरावर तीन दिवस काढतो, पहिल्या दिवशी साल, दुसऱ्या दिवशी गर, तिसऱ्या दिवशी बी कुटून, असं डॉक्टर सांगत होते. बाबांनी विचारलं, "मग चौथ्या दिवशी?"

"चौथ्या दिवशी शेजाऱ्याचा उंट," डॉक्टर म्हणाले.

दोघं खूप हसले होते. ते दोघं एकत्र हसलेले मला आठवतात ते त्या सकाळचेच.

एका गोष्टीवर मात्र डॉक्टर कधी हसले नाहीत. तिथे खुनाला खून हा हिशेब होता. एका कुळाच्या माणसाच्या हातून दुसऱ्या कुळाचा माणूस मेला, जाणूनबुजून असो की चुकून, तर त्यानं तिथून निघून जायचं, दूर, जिथे मेलेल्याच्या माणसांची नजर पडणार नाही. मग मधली माणसं जायची, म्हातारी, बिनहत्यारी. मेलेल्याच्या कुळाच्या तळापासून लांब बसून राहायची. कधी महिने लागायचे, कधी वर्षं. ती माणसं पोहोचायच्या आत सुरा पोहोचला, तर त्या जखमा डॉक्टरांच्या इस्पितळात येत. बायकाही कपड्यात सुरा बाळगतात, असं ते सांगत. पुरुष महिनोन् महिने बाहेर असतात, घर, शेळ्या, बाग सगळं बायकांच्या हाती; त्यामुळे राग धरायचा की सोडायचा हेही पुष्कळदा त्याच ठरवतात.

संध्याकाळी ट्रान्झिस्टरवर त्या डोंगरांतल्या गोळीबाराची बातमी आली, फ्रेंच विमानं पुन्हा फिरू लागल्याची बातमी आली, की डॉक्टर जेवत नसत. आणि तेव्हा कलकत्त्यातही रोज काहीतरी होत होतं. भिंतीवर क्रांतीच्या घोषणांची लाल अक्षरं, गल्लीत हातबॉम्बचे आवाज, सकाळी गटारापाशी पडलेलं कुणीतरी. या गल्लीतल्या मुलानं त्या गल्लीत जायचं नाही, असं झालं होतं. डॉक्टर म्हणायचे, हे मी पाहिलेलंच आहे. फक्त इथे लांब बसून राहणारे म्हातारे नाहीत.

सत्तर साली दुर्गापूजेच्या थोडं आधी बाबांच्या हातून तो अपघात झाला.

बाबा एका सरकारी कंपनीत इंजिनिअर होते. कंपनीचं गोदाम हावड्याला, नदीपलीकडे. त्या दिवशी ड्रायव्हर आला नाही म्हणून बाबा स्वतः जीप घेऊन गेले. हावड्यातले रस्ते म्हणजे दोन्ही बाजूंना लोखंडाचे छोटे कारखाने आणि मध्ये हातगाड्या. दोन गाड्यांमधून एक मुलगा, वीस-बावीस वर्षांचा, पटकन बाहेर आला. बाबांनी ब्रेक दाबला, पण उशीर झाला होता. ते थांबले. आरशात पाहिलं तर कारखान्यातून माणसं सळया घेऊन धावत येत होती. त्या दिवसांत ड्रायव्हरांचं काय व्हायचं ते सगळ्यांना माहीत होतं. बाबांनी गाडी सुरू केली आणि थेट पोलीस ठाण्यात नेली. तो मुलगा इस्पितळात नेताना वाटेत गेला.

पोलिसांनी जबाब घेतला, जामीन दिला. ठाण्यातले साहेब म्हणाले, अपघातच आहे, काही होणार नाही. पण मेलेल्या मुलाला मोठा भाऊ होता आणि तो त्या भागातल्या पोरांचा म्होरक्या होता. घराबाहेर शिपाई मिळेल का, असं बाबांनी विचारलं. साहेबांनी सांगितलं की आमचेच शिपाई एकटे रस्त्यावर जायला घाबरतात.

पाच-सहा दिवसांनी समोरच्या चहाच्या दुकानापाशी दोन माणसं दिसायला लागली. काही करत नसत. चहा घेत, आमच्या खिडकीकडे बघत, दुपारी निघून जात. आईनं खिडकीला जाड पडदा लावला. मग आम्ही पडद्याआडून त्यांना बघायला लागलो. ती दिसली की आई दाराची कडी पुन्हा तपासायची, आणि नाही दिसली की ती कुठे असतील म्हणून दोनदा.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. एका दुपारी एस्प्लनेडहून बसनं घरी येत होते. गर्दी होती. एका तरुण माणसानं उठून मला जागा दिली. मी बसले. तो दांड्याला धरून माझ्याजवळच उभा राहिला, आणि माझा स्टॉप जवळ आला तेव्हा वाकून अगदी आपुलकीनं म्हणाला, "बाबा भालो आछेन तो?"

बाबा बरे आहेत ना? मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? तो हसला आणि मला उतरायला वाट करून दिली. बसस्टॉपपासून घर चार मिनिटांचंही नव्हतं, पण ते अंतर संपेना. मागे वळून बघायचा धीर नव्हता, आणि न बघता चालवतही नव्हतं.

मी हे घरी सांगितलं त्या संध्याकाळी डॉक्टर जिन्याच्या तळाशी येऊन बसले. विचारपूस झाली. पण ते वर चढले नाहीत. तिथूनच म्हणाले, "आता यांनी इथून जायला पाहिजे. उद्याच."

बाबा जिन्याच्या वरच्या टोकाला आले. मी कुणाचा खून केलेला नाही, असं ते म्हणाले. मी काय म्हणून पळू? पोलिसांनीही अपघातच लिहिलाय.

"पोलिसांनी लिहिलंय," डॉक्टर म्हणाले. "त्यांच्या घरी तर मुलगा गेलाय."

"म्हणजे तुमच्या मते मी गुन्हेगार आहे."

"माझ्या मतानं काही होत नाही. तुम्ही दिसत राहिलात तर त्या भावाला दुसरं काही करताच येणार नाही. लोक त्याला विचारत असतील रोज. न दिसणं ही त्याच्यावर मेहेरबानी आहे."

बाबा आत गेले आणि दार लावून घेतलं. पण रात्री आई त्यांच्याशी बोलली. दुसऱ्या दिवशी बाबांनी कंपनीच्या सिलीगुडीच्या कामावर जायचं मागून घेतलं आणि सियालदहवरून उत्तरेकडची गाडी पकडली. जाताना ते डॉक्टरांच्या दारावरून गेले. डॉक्टर दारात उभे होते. बाबांनी बघितलं नाही.

मग डॉक्टरांनी आईला सांगितलं की आता मधल्या माणसांनी जायचं. ते स्वतः जाणार होते, पण एकट्या पुरुषाचं काम नाही म्हणाले. भावाशी बोलून उपयोग नाही, त्याच्या आईशी बोलायला हवं, आणि तिच्याशी बाईच बोलू शकेल. आईला बंगाली धड येत नव्हतं. डॉक्टरांचं तर ऐकूनच हसू यायचं. माझं मात्र मराठीपेक्षा बंगालीच चांगलं होतं. म्हणून मी.

एवढी भीती मला पुन्हा कधी वाटलेली नाही. बाबूघाटावरून डॉक्टर, आई आणि मी, आम्ही तिघांनी लाँच घेतली. डॉक्टरांनी खांद्यावर पांढरी शाल घेतली होती, खिसे रिकामे केले होते, हातातलं घड्याळही काढून ठेवलं होतं. लाँचवर त्यांनी आम्हाला तीन गोष्टी सांगितल्या. खोटं बोलायचं नाही. रडायचं नाही. आणि बाबांची चूक नव्हती, असं काही झालं तरी म्हणायचं नाही. सांगताना त्यांनी दोन्ही हात शालीखाली घेतले होते. वाऱ्यानं शाल सरकली तेव्हा मला दिसलं, ते हात थरथरत होते.

मी बघितलेलं त्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, "तिथे पुरुष तोंडावर कापड घेतात ना, लोक म्हणतात वाळूसाठी. वाळू असतेच. पण ओठ हलले तर समोरच्याला दिसू नयेत, हेही असावं असं मला वाटतं."

गल्ली अरुंद होती. एका बाजूला ओतकाम करणारा कारखाना, पुढे हिरव्या पाण्याचं तळं, त्याच्या काठी पत्र्याचं घर. अंगणाच्या कितीतरी अलीकडे, रस्त्याच्या धुळीतच डॉक्टर उकिडवे बसले. शालीचं टोक तोंडावर घेतलं. आम्हालाही बसायला सांगितलं. आणि मोठ्यानं, त्यांच्या त्या मोडक्या बंगालीत त्यांनी सुरुवात केली. घर बरं आहे का? माणसं बरी आहेत का? पाणी आहे का?

माणसं जमली. कुणीतरी म्हणालं वेडा आहे. मग कुणीतरी मला ओळखलं, म्हणजे बाबांची मुलगी म्हणून ओळखलं, आणि हसणं थांबलं. घरातून मोठा भाऊ बाहेर आला. तो धिप्पाड नव्हता, चष्मा होता त्याला. हातात पहार होती. तो डॉक्टरांच्या अगदी पुढ्यात येऊन उभा राहिला. डॉक्टर हलले नाहीत. दोन्ही तळहात उघडे, वर करून गुडघ्यांवर ठेवलेले. माझ्या शेजारी आईचा श्वास मला ऐकू येत होता.

घरातून एक बाई आली, पन्नाशीची, पांढऱ्या साडीतली. तिच्या हातात भांड्यांचं पाणी होतं. तिनं ते आमच्या अंगावर फेकलं आणि आत गेली. भावानं पहारेनं रस्त्याकडे बोट दाखवावं तशी खूण केली. डॉक्टर उठले, आम्ही उठलो. लाँचवर आई पदराचं टोक पिळत बसली होती. डॉक्टर म्हणाले, चांगलं झालं. ती बाहेर आली.

दुसऱ्या खेपेला ती आलीच नाही. आम्ही दुपारभर बसलो आणि परतलो. त्यानंतर एकदा पाऊस लागला, तेव्हा कारखान्यातल्या एका म्हाताऱ्यानं आम्हाला वळचणीला यायला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, तिनं सांगितलं तरच. आम्ही भिजलो. दर खेपेला गल्लीच्या तोंडाशी पोरं उभी असायची. परत जाताना ती आमच्या मागून घाटापर्यंत यायची, न बोलता. प्रत्येक वेळी लाँच सुटेपर्यंत माझी मान ताठ व्हायची, पाठीत आता काहीतरी घुसेल म्हणून. आईला मी विचारलं की आपण का येतो? ती म्हणाली, मलाही माहीत नाही, पण घरी बसून ती दोन माणसं बघण्यापेक्षा हे बरं.

मग एके दिवशी ती बाई बाहेर आली आणि अंगणाच्या कडेला, आमच्यासमोर जमिनीवर बसली. तिनं डॉक्टरांकडे बघितलंच नाही. मला विचारलं, "कुठे आहे तो?"

मी म्हणाले, "सिलीगुडीला आहेत." आईनं माझा हात घट्ट धरला. पण खोटं बोलायचं नाही असं ठरलं होतं.

तिनं आईनं धरलेल्या माझ्या हाताकडे बघितलं. मग म्हणाली की गाडीखाली माणूस येतो, तिला ठाऊक आहे. ती स्वतः हावडा स्टेशनासमोर, घाटाच्या रस्त्यावर भाजी घेऊन बसते, रोज बघते. पण तो थांबला नाही. थांबला असता तर पोराच्या तोंडात कुणीतरी पाणी घातलं असतं. सगळे गाडीच्या मागे धावले आणि पोरगा रस्त्यावर एकटा पडून होता.

मी हे मराठीत आईला सांगितलं. काय उत्तर द्यायचं ते डॉक्टरांनी शिकवलेलं नव्हतं. आईनं माझी वाट बघितली नाही. तिला येत होतं तेवढ्या बंगालीत तिनं एकच वाक्य म्हटलं. "भय पेयेछिलेन." घाबरले होते.

भाऊ मागे उभा होता. तो काहीतरी बोलायला लागला, बाईनं हात वर केला. ती आईकडे बघत होती.

"माझाही घाबरला असेल," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं काय ते सांगितलं. सरळ सांगितलं, आवाज न चढवता. त्यानं गंगेच्या या बाजूला, हावड्यात, यायचं नाही. पुलावर नाही, घाटावर नाही, स्टेशनात नाही. पलीकडे काय करायचं ते करो. पण मला तो या काठावर दिसला, तर याला मी थांबवणार नाही. आणि मग तिनं भावाला आपल्या डोक्यावर हात ठेवायला लावला. त्यानं ठेवला. त्याच्या चष्म्याआडचे डोळे मला आठवतात. त्याला ते नको होतं.

डॉक्टरांनी तोंडावरची शाल काढली. तिनं आत जाऊन पाण्याचा एक पेला आणला आणि आमच्यापासून थोड्या अंतरावर जमिनीवर ठेवला. आम्ही तिघं त्यातून प्यायलो.

घाटावर आल्यावर आई पहिल्यांदा रडली. डॉक्टर म्हणाले की हे ठीक झालं. तिथेही त्यांनी पाहिलं होतं, तंटा मिटला तरी दोन्ही घरं पुन्हा एका विहिरीवर जात नाहीत. मैत्री होत नाही, फक्त मरणं थांबतं.

पण हे बाबांना कुणी सांगायचं? ते थंडी संपल्यावर परत आले. चहाच्या दुकानापाशी आता कुणी नव्हतं. आईनं सगळं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे माझ्या नावानं तुम्ही कबुली देऊन आलात. पुढे कोर्टानं त्यांना निर्दोष सोडलं, तरी ते म्हणायचे की मला आधीच शिक्षा झालेली आहे, माझ्या घरमालकानं दिलेली.

शिक्षाच होती ती एका अर्थानं. आमचं गाव वर्धा. कलकत्त्याहून वर्ध्याला जायचं म्हणजे हावड्याहून मुंबईची गाडी पकडायची, एका रात्रीनं आणि एका दिवसानं घरी. पण हावडा स्टेशन पलीकडच्या काठावर. त्यामुळे आम्ही दर उन्हाळ्यात सियालदहवरून मुगलसरायला जायचो, तिथून इटारसी, तिथून नागपूर, ट्रंका आणि वळकट्या घेऊन प्लॅटफॉर्मांवर झोपत. नातेवाईक विचारत, बाबा म्हणत, इकडची तिकिटं मिळाली. कंपनीत त्यांनी हावड्याचं काम सोडून शहरातल्या डलहौसीच्या कचेरीत टेबल मागून घेतलं. बढती गेली. पुलाचा लोखंडी सांगाडा लांबून दिसला तरी ते मान दुसरीकडे वळवायचे. भीती आमच्या घरातून गेली नव्हती, तिला फक्त हद्द मिळाली होती.

डॉक्टरांशी ते बोलेनासे झाले. डॉक्टर मात्र नेहमीसारखे जिन्याखाली बसून विचारपूस करत, आणि "ते बरे?" हाही प्रश्न रोज विचारत. आई म्हणे, बरे. बाबा आत वर्तमानपत्र वाचत असत. दर महिन्याला एकदा डॉक्टर शाल घेऊन हावड्याला जायचे. घाटाच्या रस्त्यावर त्या बाईसमोर थोडं लांब बसायचे, बोलणं व्हायचं किंवा नाही, आणि भाजी घेऊन यायचे. ती भाजी आम्हाला कधी दिली नाही. सलोखा पडून राहिला तर गंजतो, असं काहीसं ते म्हणाले होते मला. त्यांचे गुडघे दुखायला लागले होते, लाँचमध्ये चढताना कुणाचा तरी हात लागायचा.

अशी पाच-सहा वर्षं गेली. शहर शांत झालं होतं, निदान वरून. मी एका शाळेत शिकवायला लागले होते. एका सकाळी वर्ध्याहून तार आली, आजीचं काही खरं नाही, ताबडतोब या.

हावड्याची गाडी संध्याकाळी होती. सियालदहवरून फिरून गेलं तर दोन दिवस जास्त लागणार होते. बाबा तार हातात घेऊन खुर्चीत बसून होते. मग म्हणाले, मी पुलावरून जाणार. आईनं त्यांच्या हातातली तार काढून घेऊन पुन्हा वाचली. मी खाली धावले.

डॉक्टरांनी ऐकलं, शाल घेतली आणि निघाले. दुपारचे चार वाजून गेले तरी पत्ता नाही. बाबांनी बॅग भरून दारात ठेवली होती. डॉक्टर टॅक्सीनं आले, ते कधी टॅक्सी करत नसत. जिन्याखाली बसले नाहीत. दम लागलेला असताना सरळ वर आले, उंबऱ्यात उभे राहिले आणि बाबांना म्हणाले, "चला. टॅक्सी थांबवलीय."

वाटेत त्यांनी बाबांना आणि मला सांगितलं. त्यांनी तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. त्याची आई जायला टेकलीय आणि गाडी या काठावरून सुटते, एवढंच म्हणाले. ती भाजीवर पाणी शिंपडत राहिली. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, तो एकटाच मुलगा आहे का? डॉक्टर म्हणाले, एकटाच. तिनं टोपली झाकली, रस्त्याकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. म्हणाली, मी आज काही बघणार नाही.

"आणि भाऊ?" मी विचारलं.

"त्याचं ती काही बोलली नाही," डॉक्टर म्हणाले.

पुलावर नेहमीसारखी गर्दी होती. टॅक्सी मुंगीच्या पावलानं सरकत होती. बाबांनी मान खाली घातली होती आणि त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी खिडकीतून प्रत्येक चेहरा बघत होते. घाटाच्या रस्त्यावर भाजीवाल्यांची रांग लागली, आणि तिथे एक पांढरी साडी भिंतीकडे तोंड करून बसलेली मला दिसली. मी बाबांना सांगितलं नाही.

प्लॅटफॉर्मच्या फाटकाशी तो उभा होता. चष्मा तोच, केस थोडे पांढरे झालेले. बाबांनी त्याला याआधी पाहिलेलं नव्हतं, पण माझी पावलं थांबली त्यावरून ते समजले. डॉक्टर आमच्या दोघांच्या पुढे झाले. तो वळला आणि आमच्या पुढे चालायला लागला, गर्दी बाजूला करत, एकदाही मागे न बघता. दुसऱ्या वर्गाच्या डब्यापाशी हमाल दारात अडून बसले होते, त्यांना त्यानं उठवलं. बाबा चढले. तो खांबापाशी पाठ करून उभा राहिला आणि गाडी हलेपर्यंत तसाच उभा होता. शेवटचा डबा गेल्यावर तो घाटाकडे निघून गेला.

मी वळले. डॉक्टर प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसले होते. मला म्हणाले, "मला उठव आता, माझ्यानं उठवत नाही."

बाबा पोहोचले तेव्हा आजीला शुद्ध होती. तिनं त्यांना ओळखलं, हात धरला. दुसऱ्या दिवशी ती गेली.

चौदावं करून बाबा परत यायचे होते. आई रोज हावड्याला येणाऱ्या गाडीची वेळ बघून घाबरी व्हायची, परवानगी जाताना मिळाली होती, येतानाचं काय? आणि हे तारेत लिहायचं तरी कसं? अपेक्षेपेक्षा तीन दिवस उशिरा, सकाळी, बाबा दारात उभे राहिले. डोकं भादरलेलं, कपडे कोळशानं काळे झालेले. नागपूर, इटारसी, मुगलसराय असं करत ते सियालदहला उतरले होते.

आई म्हणाली की आता हावड्यानं आलात तरी चाललं असतं कदाचित.

बाबा म्हणाले, "तिनं जायला दिलं होतं. यायचं काही बोलणं झालं नव्हतं."

मग बॅग तिथेच ठेवून ते खाली गेले आणि इतक्या वर्षांनी डॉक्टरांचं दार वाजवलं. आजी कशी गेली ते त्यांना सांगत दुपारपर्यंत तिथेच बसले.